वायर तुटली तर मशीन थांबलंच पाहिजे

या वेळचा शनिवार-रविवार जरा ग्रीस लागलेल्या विषयावर. घाबरू नका, कोणाच्या हातात सोल्डरिंग गन देणार नाहीये. पण आपण कोडवर पोट भरणारी माणसं एका बाबतीत फार लाडावलेली आहोत असं माझं मत आहे. आपला प्रोग्रॅम मर्यादेबाहेर गेला की एक एक्सेप्शन पडतो, लॉगमध्ये एक ओळ लाल होते, आपण चहा घेऊन येतो आणि मग निवांत बघतो. ज्यांचा प्रोग्रॅम मर्यादेबाहेर गेला की लोखंड लोखंडावर आपटतं, त्यांच्या जगात 'मर्यादा' हा शब्द इतका स्वस्त नसतो. तिथे त्या मर्यादेवर एक खरोखरचा स्विच बसवलेला असतो आणि त्याला खरोखरच्या दोन वायरी असतात. आजचा लेख त्या दोन वायरींबद्दल.

सरकणारी कुठलीही यांत्रिक गोष्ट डोळ्यांसमोर आणा. लिफ्ट, थ्रीडी प्रिंटर, सोसायटीचं आपोआप सरकणारं गेट, किंवा आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाचे ते ३३ दरवाजे, जे दर पावसाळ्यात बातम्यांमध्ये येतात. या प्रत्येकाला दोन टोकं असतात आणि टोकाच्या पलीकडे जायचं नसतं. टोकापाशी बसून "आता पुढे भिंत आहे" असं सांगणारा तो लिमिट स्विच. होम स्विचचं काम निराळं. साधी स्टेपर मोटर फक्त पावलं मोजते. वीज जाऊन आली की आपण कुठे उभे आहोत हे तिला अजिबात ठाऊक नसतं. एसटीत झोप लागलेला माणूस जागा झाल्यावर खिडकीबाहेर गावाची पाटी शोधतो ना, तशी तिची अवस्था. मग ती ठरलेल्या दिशेने सरकत जाते, होम स्विच दाबला गेला की थांबते आणि म्हणते, "हं, हा शून्य." पुढचं सगळं मोजमाप या शून्यापासून.

म्हणजे लिमिट हे कुंपण आणि होम हा मैलाचा दगड. दोन्ही स्विच दिसायला सारखेच असल्यामुळे लोक दोघांना एकच समजतात. त्याबद्दल पुढे बोलू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एनसी पद्धतीनेच जोडावा. यावर दुमत नसावं, आणि पुस्तकांमध्ये ते नसतंही. पण माझं भांडण पुस्तकांशी नाहीच. वायरिंग म्हणजे मशीन तयार झाल्यावर उरलेलं किरकोळ काम, ही जी सवय आहे तिच्याशी आहे. वायरिंग वाईट असलं की स्विच खोटं बोलतो, स्विच खोटं बोलला की माणूस वैतागतो, आणि वैतागलेला माणूस स्विचच काढून टाकतो. मग ज्याची बोटं अडकतात तो बहुतेक वेळा स्विच काढणारा नसतो.

एनसी म्हणजे काय हे समजवायला मला पाठ्यपुस्तक लागत नाही, गावाकडच्या पंपाचा स्टार्टर पुरतो. आमचं गाव एकोडी, तालुका साकोली. धानाचा मुलूख. धानाला पाणी किती लागतं हे वेगळं सांगायला नको, त्यामुळे विहिरी-बोअरवरच्या पंपांना उन्हाळी धानाच्या दिवसांत जराही उसंत नसते. बांधावरच्या पत्र्याच्या डब्यात स्टार्टर असतो. त्याला एक हिरवं बटण आणि एक लाल. दोन्ही बटणं दिसायला जुळी भावंडं, पण आतून अगदी उलटी. हिरवं एरवी उघडं असतं आणि दाबलं की सर्किट जुळतं, म्हणजे नॉर्मली ओपन, एनओ. लाल बटण एरवी जुळलेलं असतं आणि दाबलं की सर्किट तुटतं. ते एनसी. पंप चालू असताना आतल्या कॉइलला जाणारा प्रवाह सतत या लाल बटणातून वाहत असतो.

आता उंदीर आला (धानाच्या मुलखात उंदीर येतोच). त्याने हिरव्याची वायर कुरतडली तर पंप सुरू होणार नाही. लालची कुरतडली तर चालू पंप बंद पडेल. कुठलीही वायर तुटली तरी निकाल एकच, पंप बंद. समजा कोणा शहाण्याने लाल बटणही एनओ लावलं असतं. वायर तुटलेली कोणाला कळलीच नसती. महिना, दोन महिने, वर्ष. ज्या दिवशी पट्ट्यात कोणाचा शेला अडकला आणि कोणी धावत जाऊन लाल बटण दाबलं, त्या दिवशी कळलं असतं.

बस, एवढंच आहे एनसी. जो निरोप धोक्याच्या वेळी पोचलाच पाहिजे, तो निरोप 'प्रवाह थांबणे' हा ठेवायचा. कारण प्रवाह थांबवायला वायर तुटणं, स्क्रू ढिला होणं, पिन गंजणं, पॉवर सप्लाय मरणं यातलं काहीही पुरतं. बिघाड आणि धोका दोघेही एकाच भाषेत बोलतात आणि मशीन दोघांचं ऐकतं.

पण याच डब्यात आणखी एक गोष्ट बघायला मिळते. लाइन गेली की कॉइल सोडते, आणि लाइन परत आली तरी पंप आपणहून सुरू होत नाही. हीही सुरक्षाच आहे. पण शेतीची थ्री फेज वर्षानुवर्षं पाळीने मिळत आली आणि कित्येक आठवडे ती पाळी रात्रीची असे. रात्री दोन वाजता लाइन येणार, तेव्हा कोणी तरी बॅटरी घेऊन, साप-विंचू चुकवत बांधावरून जाऊन हिरवं बटण दाबायचं. मग लोकांनी 'ऑटो' बसवले. लाइन आली की पंप आपोआप चालू. तिथे कोणाचा हात आहे का, कोणी पाइप खोलून बसलंय का, हे त्या ऑटोला माहीत नसतं. शहरातला माणूस यावर लगेच "शेतकऱ्यांना सेफ्टीची जाणीव नाही" म्हणून मोकळा होतो. मला हे पटत नाही. सुरक्षेसाठी जर रोज रात्री सापावर पाय द्यायची वेळ येत असेल, तर माणूस सुरक्षेला वळसा घालणार. तुम्ही घालाल, मीही घालीन. दोष वळसा घालणाऱ्याचा कमी आणि वळसा घालायला लावणाऱ्या रचनेचा जास्त.

हे डोक्यात ठेवून आता सीएनसीकडे येऊ.

माझा एक धाकटा चुलतभाऊ गावीच असतो. सागवानी दारं आणि देवघरं यांचा त्याचा धंदा. पूर्वी नक्षी हाताने व्हायची, आता त्याने राउटर घेतला आहे. चार बाय आठ फुटांचं टेबल, त्यावरून पुढेमागे सरकणारी लोखंडी कमान, म्हणजे गँट्री, आणि तिच्यावर फिरणारा स्पिंडल. स्थानिक जुळणी केलेलं मशीन, आत ग्रबलवर चालणारा बोर्ड. ग्रबल माहीत नसणाऱ्यांसाठी: २००९ च्या सुमाराला सुरू झालेलं हे मोफत फर्मवेअर, अर्डुइनो उनोवरच्या एवढ्याशा चिपमध्ये बसतं आणि जगभरातली असंख्य छोटी सीएनसी मशिनं त्यावर चालतात. मला त्याचा कोड मनापासून आवडतो. पण सध्या वायरी.

मशीन आल्यापासून एक तक्रार होती. स्पिंडल पूर्ण वेगात गेला की मधूनच लिमिटचा अलार्म यायचा आणि काम अर्ध्यात थांबायचं. गँट्री टेबलाच्या मधोमध, टोकाच्या आसपासही नाही. "दादा, हा अलार्म काहून येते, काही समजूनच नाही राह्यलं," असे त्याचे फोन. अर्धी कोरलेली सागाची फळी वाया जाते तेव्हा काय होतं हे ज्याने साग विकत घेतलाय त्यालाच कळेल. शेवटी त्याने मशीन देणाऱ्याच्या तंत्रज्ञाला फोन केला. त्याने दोन मिनिटांत 'उपाय' सांगितला. लिमिटचा कनेक्टर काढून टाका, आणि शून्य हाताने लावत जा.

कनेक्टर काढला आणि मशीन सुतासारखं चालू लागलं. हे वाक्य परत वाचा. सगळे लिमिट स्विच मशीनपासून तोडले आणि कंट्रोलरला काहीही कळलं नाही! कारण स्विच एनओ होते. एनओमध्ये 'सगळं ठीक आहे' आणि 'स्विच जागेवरच नाही' या दोन्ही परिस्थितींत इनपुटवर अगदी तंतोतंत सारखं व्होल्टेज असतं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. काही महिन्यांनी एका दुपारी लाइन गेली. गँट्री टेबलाच्या अर्ध्यात. लाइन आली, चालवणाऱ्या पोराने शून्य परत न लावता काम चालू केलं. बोर्डाच्या मते तो जिथे जागा झाला तोच शून्य. गँट्री चार फूट जास्त गेली, म्हणजे जायला निघाली, टोकाला आदळली आणि मोटर तशीच रेटत राहिली, पिनियन रॅकवर कर्रकर्र करत. दुसरा पोरगा त्या टोकाला भुसा गोळा करत होता. त्याची दोन बोटं गँट्री आणि चौकटीच्या मध्ये सापडली. मोडली नाहीत, सुजली. आठ दिवस त्याला डाव्या हाताने जेवावं लागलं. स्टेपर मोटरची ताकद मर्यादित म्हणून एवढ्यावर निभावलं. हाच प्रकार मोठ्या सर्वो मशीनवर झाला असता तर हा लेख मी लिहिला नसता.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा झाकण उघडून बघितलं. चार बारीक वायरी, कुठलंही शील्ड नाही, ड्रॅग चेनमध्ये (ती काळी प्लास्टिकची साखळी, जिच्यातून हलणाऱ्या केबली जातात) थेट स्पिंडलच्या केबलला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेल्या. दिसायला किती नीटनेटकं! आणि विजेच्या दृष्टीने याहून वाईट जागा शोधून सापडली नसती.

स्पिंडलला वीज देणारा व्हीएफडी सेकंदाला हजारो वेळा शेकडो व्होल्ट चालू-बंद करत असतो. त्याच्या केबलला खेटून जाणाऱ्या कुठल्याही वायरीत तो गोंगाट उतरतो. आता एनओ स्विचची वायर बघा. एरवी स्विच उघडा, म्हणजे वायरीचं लांबचं टोक हवेत लोंबतंय. तिला पाच व्होल्टला धरून ठेवणारा फक्त चिपमधला पुल-अप, तोही २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे नुसता दोऱ्याने बांधलेला बैल. सहा-आठ मीटरची अशी वायर म्हणजे अँटेनाच. गोंगाटाने एक क्षणभर जरी तिला खाली ओढलं की चिप म्हणते "लिमिट!" एनसीमध्ये तीच वायर एरवी स्विचच्या धातूतून सरळ ग्राउंडला बांधलेली असते. तिला हलवायला गोंगाटाला बरीच जास्त ताकद लावावी लागते. म्हणजे एनसी नुसती तुटलेली वायर पकडत नाही, खोटे अलार्मही कमी करते. एनओ वापरणारे "एनसीने उगाच ट्रिप होतं" म्हणतात, त्यांना बहुतेक वेळा ढिला स्क्रू सापडलेला असतो. तो सापडायलाच हवा होता.

आम्ही काय केलं ते पटकन सांगतो, कारण यात संशोधन काही नाही, कुठल्याही बऱ्या मॅन्युअलमध्ये हे असतं. स्विचच्या एनओ पिनवरून वायर एनसी पिनवर घेतली (बहुतेक मायक्रोस्विचला तिन्ही पिना असतातच, एक पैसा जास्त लागत नाही). प्रत्येक अक्षाच्या दोन टोकांचे स्विच एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले. शील्ड असलेली केबल घेतली आणि शील्ड फक्त कंट्रोलरच्या बाजूला ग्राउंड केलं. ती स्पिंडलच्या केबलपासून वेगळी, दुसऱ्या कप्प्यातून नेली. स्विचवर पाचाऐवजी चोवीस व्होल्ट आणि बोर्डाच्या तोंडाशी ऑप्टोकपलर. शेवटी ग्रबलच्या १.१ आवृत्तीत लिमिटचा इनपुट उलटा वाचायला सांगणारी पाच नंबरची सेटिंग असते, ती एक केली. यातली निम्मी कामं साकोलीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या सामानात झाली, ऑप्टोकपलरची पट्टी तेवढी नागपुराहून मागवली. अलार्म थांबले. मग भावाने स्वतःच विचारलं, "मंग हे त्यांनी आधीच काहून नाही केलं जी?"

उत्तर साधं आहे. मशीन विकताना स्पिंडल किती किलोवॅटचा हे विचारलं जातं. वेग किती, टेबल केवढं, गाइड कुठल्या कंपनीचे, हेही विचारतात. लिमिटची वायर कुठून नेली हे कोणी विचारत नाही, म्हणून ते काम शेवटच्या दिवशी, डिलिव्हरीचा टेम्पो दारात उभा असताना, सगळ्यात नवख्या मुलाकडे येतं.

आता एनसीची बाजू घेतोय म्हणून तिची पोकळ बाजू लपवत नाही. एनसी तुटलेली वायर पकडते, चिकटलेली वायर पकडत नाही. ड्रॅग चेनमध्ये घासून दोन्ही वायरींचं आवरण गेलं आणि आतली तांब्याची टोकं एकमेकांना लागली, तर कंट्रोलरला स्विच कायम 'ठीक' दिसणार. मुद्दाम बायपास केल्यासारखंच. म्हणून स्वस्त मशीनवर अधूनमधून हाताने स्विच दाबून बघण्याला पर्याय नाही, आणि महागड्या मशीनवर दोन वेगळ्या वायरींच्या जोड्या आणि त्यांची आपसांत तुलना करणारा सेफ्टी रिले असतो. स्विचच्या आतही हीच गोष्ट. साध्या मायक्रोस्विचमध्ये संपर्क उघडण्याचं काम स्प्रिंग करते. संपर्क वितळून चिकटले तर स्प्रिंग हरते. म्हणून सुरक्षेसाठीचे स्विच वेगळे मिळतात, ज्यांत दांडा आत जाताना संपर्कांना जबरदस्तीने दूर ढकलतो. त्यांच्यावर वर्तुळात बाण अशी खूण असते. पुढच्या वेळी फॅक्टरीत गेलात तर शोधून बघा.

तिसरी पोकळी सगळ्यात वाईट, चुकीच्या जागी जोडलेली वायर. याचं उदाहरण रेल्वेचं घेतो. एकोडीहून नागपूरला रेल्वेने जायचं तर भंडारा रोड लागतंच. तिथल्या फलाटावर उभं राहून रुळांकडे बघताना सहसा कोणाच्या मनात येत नाही की एनसीची कल्पना या रुळांवर दीडशे वर्षं जुनी आहे. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने बंद ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळाच्या तुकड्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. रूळ मोकळा असताना प्रवाह रुळांतून वाहतो आणि रिले ओढलेला राहतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रुळांना जोडतात, रिलेला प्रवाह मिळत नाही, तो पडतो, सिग्नल लाल. बॅटरी संपली? लाल. वायर तुटली? लाल. रूळच तडकून तुटला? बहुतेक वेळा तेव्हाही लाल. त्या लाल बटणाचाच हा थोरला भाऊ.

आणि तरीही २ जून २०२३ ला ओडिशातल्या बाहानगा बाजारला कोरोमंडल एक्सप्रेसला हिरवा सिग्नल मुख्य मार्गाचा मिळाला आणि गाडी गेली लूपवर, उभ्या मालगाडीवर. २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत बोट ठेवलं गेलं ते सिग्नल सर्किटमध्ये केलेल्या फेरफारांमधल्या त्रुटींवर, फाटकाच्या कामावेळच्या जोडणीवर आणि वायरींच्या चुकीच्या लेबलांवर. तत्त्व शाबूत होतं. पण वायर तुटली नव्हती, ती भलत्याच जागी होती आणि भलत्याच जागेवरून "सगळं ठीक" सांगत होती. या घटनेनंतर वायरीच्या टोकाला नंबराची चिकटपट्टी लावायचा कंटाळा करणाऱ्या माणसाशी मला हसून बोलता येत नाही.

आता सॉफ्टवेअरवाल्यांना न आवडणारा मुद्दा. ग्रबलसारख्या फर्मवेअरमध्ये लिमिट दाबला गेला की इंटरप्ट येतो आणि कोड मोटरला पावलं देणं थांबवतो. छान. पण कोड अडकला असेल तर? सर्वो ड्राइव्हचं डोकं फिरलं आणि तो कंट्रोलरचं ऐकेनासा झाला तर? ज्याच्या चुकीपासून वाचायचंय त्यालाच राखणदार नेमल्यासारखं आहे हे. आपल्या क्षेत्रात थेराक-२५ चं उदाहरण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेलं असतं. आधीच्या थेराक-२० मध्ये असलेली स्वतंत्र यांत्रिक-विद्युत बंधनं नव्या यंत्रात काढून भरवसा सॉफ्टवेअरवर ठेवला गेला, आणि १९८५ ते १९८७ मध्ये सहा रुग्णांना किरणोत्साराचे भयानक डोस बसले. आपण ते 'रेस कंडिशन'ची गोष्ट म्हणून शिकतो. मला ती काढून टाकलेल्या स्विचची गोष्ट वाटते.

म्हणून ज्या मशीनमध्ये हात चिरडायची ताकद आहे, तिथे शेवटच्या लिमिटची वायर थेट ड्राइव्हच्या एनेबलला किंवा कॉन्टॅक्टरच्या साखळीत गेली पाहिजे. सॉफ्टवेअरला खबर द्या, परवानगी मागू नका. तुमच्या बिल्डिंगमधली लिफ्ट हेच करते. टोकाजवळ आधी वेग कमी करायला लावणारा स्विच, मग त्या दिशेची हालचाल बंद करणारा, आणि त्याच्याही पलीकडे शेवटचा, जो कंट्रोलरला न विचारता मोटरची आणि ब्रेकची वीज तोडतो. वीज तुटली की लिफ्टचा ब्रेक लागतो. बघा, ब्रेकही एनसीच!

इथे राउटरचा एक खरा पेच आहे आणि त्याचं गुळगुळीत उत्तर माझ्याकडे नाही. उभ्या अक्षावर वीज तोडली तर स्पिंडल खाली सरकू शकतो, फिरत्या पात्यासकट. म्हणजे थांबवणंच धोक्याचं. तिथे ब्रेकवाली मोटर लागते किंवा वजन तोलणारी स्प्रिंग, आणि दोन्हींना पैसे पडतात. शिवाय लिमिटवर वीज तुटली की गँट्री टोकाला अडकून बसते आणि ती मागे आणायला एक दाबून धरायचं बटण द्यावं लागतं. ते दिलं नाही तर? तर माणूस वायरीचा तुकडा शोधतो.

होम आणि लिमिट एकच स्विच वापरावा का, यावर लोक तावातावाने भांडतात. टेबलावरच्या थ्रीडी प्रिंटरला खुशाल वापरा. मोठ्या मशीनला नको. कारण होम शोधताना गँट्री मुद्दाम जाऊन त्याच स्विचवर आदळते, म्हणून कंट्रोलरला तेवढा वेळ लिमिटकडे काणाडोळा करावा लागतो. ग्रबलही होमिंग चालू असताना हार्ड लिमिट बघत नाही. कुंपण आणि मैलाचा दगड एकच असेल तर दगड शोधताना कुंपण नसतं. निदान तो एनसी तरी ठेवा. होमची एनओ वायर तुटली असेल तर गँट्री न येणाऱ्या निरोपाची वाट बघत टोकाला जाऊन धडकते. एनसी वायर तुटली असेल तर कंट्रोलरला वाटतं आपण स्विचवरच आहोत, तो थोडं मागे येऊन बघतो, स्विच सुटत नाही, तो अलार्म देऊन थांबतो. चार मिलिमीटरची हालचाल आणि चार फुटांची हालचाल, एवढा फरक.

अचूकतेचं म्हणाल तर होमकडून अपेक्षा वेगळी असते. स्विच तंतोतंत कुठे आहे हे महत्त्वाचं नाही, तो रोज त्याच जागी दाबला गेला पाहिजे. म्हणून आधी वेगात जाऊन शोधायचा, मागे यायचं, मग अगदी सावकाश परत जायचं, आणि नेहमी त्याच बाजूने. आणि सगळ्यात आधी उभा अक्ष वर न्यायचा, नाहीतर पातं लाकडातून नांगर चालवत घरी जातं.

आपल्या रोजच्या कामाशी याचा संबंध जोडायचा मोह होतोय, थोडक्यात उरकतो. डॅशबोर्ड हिरवा आहे म्हणजे सर्व्हर ठीक आहे, की खबर आणणारा एजंटच मेलाय? 'एरर आला नाही' म्हणून खूश असणारं मॉनिटरिंग एनओ आहे. दर मिनिटाला 'मी जिवंत आहे' म्हणणारं आणि ते म्हणणं थांबलं की बोंब मारणारं एनसी. आणि रात्री तीन वाजता उगाच वाजणारा अलर्ट कोणी तरी म्यूट करतोच. त्या माणसाला मीटिंगमध्ये झापण्याआधी, त्याचा कनेक्टर काढायला लावणारी वायर कोणी ओढली होती ते बघावं. असो.

तुमच्यापैकी काही जण नोकरी सांभाळून घरी छोटा राउटर किंवा लेझर घ्यायच्या बेतात आहेत, तीन-चार मेल आल्या आहेत. स्पिंडलचे किलोवॅट विचारून झाले की विक्रेत्याला सांगा, स्पिंडल बंद ठेवून, वेग अगदी कमी करून गँट्री टेबलाच्या मधोमध चालवा, आणि चालू असताना तुमच्याच माणसाच्या हातून लिमिटचा कनेक्टर काढून दाखवा. मशीन तत्क्षणी थांबलं पाहिजे. नंतर कनेक्टर लावून, स्पिंडल पूर्ण वेगात दहा मिनिटं फिरवा, काहीही न कापता. त्या दहा मिनिटांत एकही अलार्म येता कामा नये. दोन्ही चाचण्या पास झाल्या तर भावाची घासाघीस सुरू करा. "सर, आपल्या मशीनमध्ये असं कधी होतच नाही" असं उत्तर आलं आणि कनेक्टरला हात लागला नाही, तर ड्रॅग चेनचं झाकण उघडायला लावा आणि आत कोण कोणाला खेटून चाललंय ते स्वतः बघा.